हौशी म्हणून हिणवू नका, लस कधी येणार ते सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण मृग लागायला आता महिनासुद्धा उरलेला नाही, म्हणून आजच लिहितेय.

गेल्या जूनमध्ये आमच्या घरची तीन करडं एका रात्रीत गेली. चार-साडेचार महिन्यांची, चांगली अंगानं भरलेली. संध्याकाळी उड्या मारत होती, सकाळी पोट फुगून आडवी. पहिला पाऊस होऊन बांधावर कोवळं गवत आलं होतं, त्यावर दोन दिवस मनसोक्त चरली होती. आंत्रविषार. ज्यांच्या दारात शेळ्या आहेत त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. कोवळा चारा खाल्ला की पोटातले जंतू झपाट्यानं वाढतात, त्यांचं विष अंगात भिनतं आणि तुम्ही औषधासाठी गाडी काढेपर्यंत जनावर गेलेलं असतं. याला उपाय एकच, पावसाच्या आधी लस. मी मे महिन्यात दोनदा विचारून आले होते. "साठा आला की कळवू." साठा आला ऑगस्टमध्ये.

नंतर तक्रार घेऊन गेले तर टेबलामागून उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही हौस म्हणून पाळता. आम्हाला शेतकऱ्यांचं आधी बघावं लागतं."

बरं, मी हौशी. सव्वा एकर रान, पाच शेळ्या, पंधरा-वीस कोंबड्या. नवरा मास्तर, मी बातमीदार. सासूबाईंच्या चहाला शेळीचं दूध, पोरीच्या डब्यात अंडं, लेंडीखत वांग्याला. एवढाच आमचा कारभार. पण शेजारच्या काकूंच्या सहा शेळ्या हौसेच्या नव्हत्या. त्याच आठवड्यात त्यांची दोन गेली. घाबरून त्यांनी उरलेल्या चारही पुढच्या बाजारी व्यापारी म्हणेल त्या भावात देऊन टाकल्या. लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्या राखून ठेवल्या होत्या. लेक यंदा घरीच आहे. माझ्या नुकसानीला हौस म्हणा, त्यांच्या नुकसानीला काय म्हणायचं?

आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळी जगभर अजून उस्मानाबादीच. काळी, काटक, बहुतेक वेळा जुळी देणारी. तिच्या नावावर आपण भाषणं ठोकतो. 'शेळी म्हणजे गरिबाचं चालतंफिरतं एटीएम' हे वाक्य मी किमान वीस कार्यक्रमांत ऐकलं असेल आणि दोन-तीनदा बातमीतही छापलंय. अहो, एटीएम बंद पडलं तर बँकेचा माणूस येतो. शेळी बंद पडल्यावर कोण येतं?

दवाखान्यातल्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. एका माणसाकडे इतकी गावं, त्यात लाळ्या-खुरकूतची मोहीम, पशुगणना, विम्याचे दाखले, शवविच्छेदन, वर अनुदानाच्या फायली. खोट हिशोबातच आहे. दवाखाने किती लागतात हे मोजायचं माप म्हणजे पशुधन घटक. त्यात एक गाय म्हणजे एक घटक आणि एक घटक भरायला शेळ्या लागतात दहा, कोंबड्या शंभर. चाऱ्याच्या हिशोबाला हे माप ठीक असेल. पण सुई टोचताना दहा शेळ्या म्हणजे दहा सुया, एक नव्हे. शंभर कोंबड्या म्हणजे तर विचारूच नका. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीवर शेळ्या निघाल्या. सगळ्या अशाच, दहाला एक.

आता पैसा कुठं जातो ते बघा. २०२१पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. राज्याची दहा शेळ्या-एक बोकड योजना वेगळी. असू द्या, मोठे प्रकल्पही व्हावेत. पण ज्या बाईच्या दारात तीन शेळ्या आहेत तिला ५० लाख नकोत हो. तिला मे महिन्यात एक सुई पाहिजे. फोटो निघतो शेळीवाटपाचा. लस टोचतानाचा फोटो काढायला कुणी पुढारी येत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही पत्रकारही जात नाही.

हे पाप माझ्याही माथी आहे. काही वर्षांपूर्वी मीच बातमी केली होती, उच्चशिक्षित तरुणाची शेळीपालनातून लाखोंची कमाई. वहीत त्याचा हिशोब उतरवून घेतला. शेळ्या इतक्या, प्रत्येकीला जुळी, बोकड किलोला इतका भाव, गुणिले, बरोबर. मरतुकीचा रकाना त्याच्या हिशोबात नव्हता आणि मीही विचारला नाही. आज त्या शेडमध्ये सोयाबीनची पोती आहेत. २०१९ला इस्लामपूरकडचं कडकनाथचं प्रकरण झालं, पिल्लं घ्या, अंडी आम्ही उचलू, आणि शेवटी कोंबड्या शेतकऱ्याच्या गळ्यात. त्यानंतर तरी आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. अजून मोबाइलवर रोज नवा लखपती जन्माला येतोय.

"लस विकत घ्या की, सरकार कशाला लागतं?" असं काही जण म्हणतील. घेतली ना. मागच्या उन्हाळ्यात मानमोडीनं चौदातल्या अकरा कोंबड्या गेल्या. माना वाकड्या, हिरवी हगवण, चार दिवसांत खुराडं रिकामं. मग तालुक्यातून लासोटाची बाटली आणली, थर्मासमध्ये बर्फ घालून. बाटली महाग नाही, एका गावरान कोंबडीच्या पैशात तीन-चार येतील. अडचण वेगळीच आहे. बाटली शंभर कोंबड्यांची आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. घरी नवी आणून धरून कोंबड्या सतरा. उरलेली लस फेकून दिली.

पुढच्या वेळी पोरीला बरोबर घेतलं. दिवस मावळल्यावर, कोंबड्या डालग्यात गेल्यावर, आळीतल्या घरोघर फिरलो. ती टॉर्च धरून मोजायची, मी डोळ्यात थेंब टाकायची. शहाऐंशी कोंबड्या, सव्वा तास. एक बाटली. कुठलं अनुदान नाही, शेड नाही, जीआर नाही. आमच्या आळीत तेव्हापासून मानमोडी आलेली नाही.

हे प्रत्येक गावात का होऊ नये? उमेदच्या पशुसखी गावोगावी आहेत. त्यांना बर्फाची पेटी द्या, मानधन वेळेवर द्या, डॉक्टरांची देखरेख ठेवा. लस मेच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला पोचवा, कारण आंत्रविषाराची लस पहिल्यांदाच टोचली तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते आणि मृग कुणाची वाट बघत नाही. आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लशीची तारीख लिहा. पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं लिहिता तिथंच, खाली जागा असते.

जुलै २०२५ला राज्यानं पशुपालनाला शेतीसमान दर्जा दिला. छान झालं, पेढे वाटले. मग शेतकरी आणि हौशी हा भेद टेबलामागं अजून कसा काय शिल्लक आहे?

येत्या सोमवारी अकरा वाजता मी अर्ज घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाणार आहे. अर्जाला यादी जोडायचीय. ज्यांच्याकडे एक शेळी असेल, दोन कोंबड्या असतील, त्यांनीही खाली लिहा. गाव, शेळ्या किती, कोंबड्या किती आणि मागची लस कधी टोचली. कधीच टोचली नसेल तर तसं लिहा. काकूंचा आकडा मी सगळ्यात वर टाकलाय. गेल्या मे महिन्यात सहा, आज शून्य.