पोस्ट गेलं म्हणून गाव गेलं का?

पत्रलेखन शिकवताना मी मुलांना सांगते, आधी पत्ता लिहा. पत्ता म्हणजे आपण कुठेतरी आहोत याची नोंद.

अमेरिकेत कॅन्ससच्या ग्रॅहम काउंटीत १८७७ साली, केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी निकोडेमस गाव वसवलं. माळावर लाकूड नव्हतं, म्हणून सुरुवातीला जमिनीत खणलेल्या घरांत राहिले. पोस्ट आलं, शाळा आली, चर्च उभं राहिलं. १८८८ मध्ये रेल्वे मात्र नदीपलीकडून गेली. दुकानदारही तिच्या मागे गेले. १९५३ साली पोस्टही बंद झालं.

१९०१ साली अमेरिकेत ७६,९४५ पोस्टं होती. पुढे खेड्यांत टपाल घरपोच मिळू लागलं आणि हजारो लहान पोस्टं बंद पडली. लोकांची सोय झाली, हे खरं. पण शिक्क्यावरून गावांची नावं गेली, आणि त्यातली कित्येक आज कुणाला आठवतही नाहीत.

निकोडेमस आठवणीत राहिलं, कारण जुन्या रहिवाशांचे वंशज दरवर्षी जुलैअखेर तिथे जमतात. १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झालं.

म्हणून मला वाटतं, आपल्या वाडीचं, मोहल्ल्याचं नाव मुलांना सांगायचं काम पोस्टावर सोडू नये. ते घरातच व्हायला हवं.