जुनी छर्ऱ्याची बंदूक घेतांना

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनीं २०२२ सालीं कैरो येथें दहा मीटर एअर रायफलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. अशा वार्ता वाचून आमच्या छत्रपती संभाजीनगरांतील मुलांसही नेमबाजीची गोडी लागावी, हें स्वाभाविक आहे. नवी बंदूक महाग पडते, म्हणून घरांत जुन्या बंदुकीचा विचार निघतो. अशा घरच्या वडील मंडळींकरितां हे चार शब्द.

न्यायशास्त्रांत आप्ताचा शब्द प्रमाण मानिला आहे; परंतु विक्रेता हा त्या व्यवहारापुरता आप्त नव्हे. "ही मुद्दाम जोरदार करून घेतली आहे," असें तो अभिमानानें सांगूं लागला, तर तेथेंच सावध व्हावें. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटर व्यासाच्या व २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाहीं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदास सुमारें २८३ मीटर वेगानें सुटला, कीं ही मर्यादा भरली. जड स्प्रिंग घातलेली बंदूक ती ओलांडूं शकते; मग मुलाच्या हौसेची वस्तु परवान्यावांचून बाळगलेलें शस्त्र ठरते. शिवाय जोरानें नेम सुधारत नाहीं. स्पर्धेंतील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तेथें हवा तो एकसारखेपणा.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. स्क्रूंच्या खांचा झिजलेल्या दिसल्या, तर बंदूक पूर्वी उघडली गेली असें अनुमान करावें. नळी मोडून भरावयाची बंदूक असल्यास ती मिटवून नळी बाजूंस हलवून पाहावी. सांधा ढिला नसावा. भरतांना करकर ऐकूं आली, तर स्प्रिंग सदोष समजावी. चाप कोणी कानशीनें घासून हलका केला असेल, तर आंतली पकड निसटून नळी झटक्यानें मिटते व भरणाराचीं बोटें चिरडतात. यास्तव भरतांना नळी हातानें घट्ट धरून ठेवावी, आणि अतिशय हलक्या चापाची बंदूक घेऊंच नये. हवेच्या सिलिंडरची बंदूक असल्यास सिलिंडरवरील तारीख पाहावी.

मग मागें भक्कम आड आहे व आसपास कोणी नाहीं हें पाहून बंदूक झाडावी; छर्ऱ्यावांचून मात्र झाडूं नये, कारण दट्ट्या आदळून बिघडतो. सांध्यावर ठेवलेली पातळ कागदाची पट्टी उडाली, तर हवा गळते. शेवटीं टेकूवर ठेवून दहा मीटरवरून पांच छर्रे कागदावर मारावे. ते फार विखुरले, तर किंमत कितीही उतरो, बंदूक परत करावी. पैसे गेल्याचें दुःख थोडें. पण सदोष बंदूक हातीं आलेला मुलगा तिचा दोष आपल्याच दृष्टीस देतो, आणि त्याचा गेलेला आत्मविश्वास बाजारांत मिळत नाहीं.