तोंड ओळखणारा न्याय

लाच खाणारा न्यायाधीश वाईट, हे लहान मुलासही सांगावे लागत नाही. शमुवेलाचे पुत्र लाच घेऊन न्याय विपरीत करू लागले, म्हणून इस्राएलाचे वडील राजा मागावयास आले, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ आहे. परंतु अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात वेशीत बसणाऱ्या न्यायाधीशांस मोशे जी ताकीद देतो, तीत लाचेच्या अगोदर दुसऱ्याच दोषाचा निषेध आहे. त्यास आपण पक्षपात म्हणतो. मूळ इब्री शब्दांचा अर्थ ‘तोंडे ओळखणे’ असा होतो. लाचखाऊ मनुष्यास आपण काय करितो हे निदान ठाऊक असते; तोंड ओळखणारा मात्र स्वतःस निर्मळ समजून स्वस्थ झोपी जातो. आमच्या मते हा दोष अधिक घातक होय.

उदाहरण दूर शोधावयास नको. देसाईगंज हे गाव चंद्रपूर जिल्ह्यात असताना, गडचिरोली जिल्हा होण्यापूर्वी दहा वर्षे, म्हणजे मार्च १९७२ मध्ये, तेथील पोलीस ठाण्यात रात्री पोलिसांनी आपल्यावर अत्याचार केला, अशी एका पोरक्या, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीची फिर्याद होती. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने तिच्या शब्दावर विश्वास ठेविला नाही. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघां पोलिसांस शिक्षा दिली. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे ते म्हणाले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दोघांस सोडून दिले. कारण काय, तर मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती! लाचेचा आरोप आम्ही कोणावरही करीत नाही. परंतु दार लावलेल्या ठाण्यात, गणवेशापुढे एकटी उभी असलेली ही मुलगी एखाद्या पाटलाची लेक असती, तर तिच्या गप्प राहण्याचा असाच अर्थ कोणी काढिला असता काय?

१९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले. ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा पालटला. पोलिसांच्या ताब्यातील अशा प्रकरणी कृत्य शाबीत झाल्यावर, स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. त्या मुलीचा निकाल मात्र तसाच राहिला. लूकाच्या शुभवर्तमानातील विधवेला निदान अन्यायी न्यायाधीशाकडून तरी अखेरीस दाद मिळाली होती.

हा दोष न्यायासनापाशीच राहतो असे कोणी समजू नये. पालकहो, एकदा आमच्या वर्गाची काच फुटली. आम्ही दोन मुलांस उभे केले. एकाने चटकन चार वाक्ये बोलून दाखविली. दुसरा भामरागडकडील, घरी माडिया बोलणारा, मराठीत अडखळणारा. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याचे मौन हाच कबुलीजबाब, असे आम्ही ठरवून टाकिले. दुसऱ्या दिवशी पहिल्यानेच येऊन खरे काय ते सांगितले. आम्ही सर्व वर्गासमक्ष त्या दुसऱ्या मुलाची क्षमा मागितली. तो तेव्हाही गप्पच होता.