घरांतलीं यंत्रें: पाठीमागचा डोळा

मनुष्यास परमेश्वरानें दोन डोळे दिले खरे, पण ते दोन्ही एकाच बाजूस दिले. पायीं चालणाऱ्याचें त्यामुळें कांहीं अडत नाहीं; मागें पाहावयाचें झालें तर मान वळविली म्हणजे झालें. परंतु ज्याच्या मोटारीच्या पाठीशीं सव्वीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि जवळजवळ अकरा फूट उंच असें एक अख्खें घर जोडलेलें आहे, त्यानें मान कितीहि वळविली तरी त्यास त्या घराच्या भिंतीपलीकडचें कांहींच दिसावयाचें नाहीं. अशा घराच्या पाठीस तिसरा डोळा कोणता घ्यावा, तो कसा बसवावा, आणि तो बसविल्यावरहि आपले मूळचे दोन डोळे कां मिटूं नयेत, हें या महिन्यांत सांगावयाचें आहे. विषय आपल्या इकडे फारसा परिचयाचा नाहीं हें मी जाणून आहें. पण त्यांतील मुख्य गोष्ट, ज्याच्या दारांत मोटार आहे आणि घरांत लहान मूल आहे अशा प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत मिशिगन राज्यांत, डेट्रॉइट शहराजवळ राहतात. तिकडे लोकांना सुटींत रानावनांत जाऊन राहण्याची फार हौस. त्यासाठीं ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणून एक चाकांवरचें घर मिळतें. त्यास स्वतःचें एंजिन नसतें. ट्रकच्या मागें बसविलेल्या पोलादी गोळ्यावर त्याचा सांधा अडकवावयाचा आणि तें ओढून न्यावयाचें. आंत पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, पाण्याची टांकी अशी सारी सोय असते. आमच्या कुटुंबास हा प्रकार पाहतांक्षणींच पसंत पडला. कारण प्रवासांतहि स्वतःच्या हातचा आमटीभात मिळतो, आणि उपाहारगृहांतील तव्यावर आधीं काय भाजलें असेल याची चिंता करावी लागत नाहीं.

गेल्या वर्षीं जूनच्या अखेरीस आम्ही मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावरील एका छावणींत गेलों. त्या दिवसांत तिकडे रात्रीचे नऊ वाजले तरी सूर्य मावळलेला नसतो. पाइनच्या झाडांमध्यें आंखून दिलेल्या जागेंत ट्रेलर उलटा घालावयाचा होता. चिरंजीव ट्रक चालवीत होते, सूनबाई कचेरींत नोंद करण्यास गेल्या होत्या, आणि मागें उभें राहून वाट दाखविण्याचें काम आमच्या कुटुंबाकडे होतें. एस. टी.चे कंडक्टर स्थानकांत गाडी मागें कशी घेववितात हें तिनें जन्मभर पाहिलें आहे. त्याच ठेक्यांत तिचें “येऊं दे, येऊं दे” चाललें होतें. चार वर्षांचा नातू माझ्या ताब्यांत होता. सूर्य पाण्याला टेकला होता. मी तिकडे पाहत राहिलों, आणि माझ्या हातांतला लहान हात केव्हां सुटला हें मला कळलें नाहीं.

पाइनचें एक मोठें बोंड ट्रेलरच्या मागें पडलें होतें. तें उचलण्यास तो धांवला होता. कुटुंबानें ओरडून हांक मारली, पत्र्यावर थापा मारल्या. पण ट्रकच्या कांचा बंद आणि आंत थंड हवेचें यंत्र चालू. चिरंजीवांना कांहीं ऐकूं गेलें नाहीं. शेवटीं ती स्वतःच ट्रेलरच्या मागें शिरली. तिनें पोराचा दंड धरला, आणि त्याच क्षणीं ट्रेलर थांबला. त्याच्या मागच्या पट्टींत आणि त्या दोघांत हातभर अंतर उरलें होतें.

तो कां थांबला? चिरंजीवांनीं मुलास पाहिलेंच नव्हतें. त्यांना आपली आई आरशांत दिसेनाशी झाली, एवढेंच त्यांनीं पाहिलें. “वाट दाखविणारें माणूस दिसेनासें झालें कीं पाय ब्रेकवर” असा नियम त्यांनीं पहिल्या दिवसापासून स्वतःस घालून घेतला होता. तो त्यांनीं पाळला. त्या रात्रीं कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. आमटीभात तसाच निवून गेला.

असे प्रसंग त्या देशांत थोडे नाहींत, आणि सगळेच हातभर अंतरावर थांबत नाहींत. २०१४ सालीं तेथील रस्तावाहतूक-सुरक्षा खात्यानें यासंबंधीं नियम केला, त्या वेळच्या अंदाजाप्रमाणें मागें येणाऱ्या गाड्यांच्या तडाख्यांत वर्षास सरासरी २१० माणसें मरत आणि १५,००० जखमी होत. मृतांपैकीं शेंकडा ३१ पांच वर्षांखालचीं मुलें, आणि शेंकडा २६ सत्तरीचीं व त्यापुढचीं माणसें. म्हणजे घरांतलीं नातवंडें आणि घरांतलेच आजी-आजोबा! ज्या कायद्यान्वयें हा नियम झाला त्यास कॅमेरॉन गुलब्रॅन्सन या दोन वर्षांच्या मुलाचें नांव दिलेलें आहे. २००२ सालीं तो आपल्याच वडिलांच्या मागें येणाऱ्या गाडीखालीं सांपडला. कायद्यावर २००८ सालीं सही झाली, आणि १ मे २०१८ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या प्रत्येक नव्या गाडीस मागचें दृश्य दाखविणें सक्तीचें झालें. गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा चालकास दिसली पाहिजे, असें त्यांत म्हटलें आहे. परंतु ट्रेलर त्या नियमांतून वगळलेले आहेत. आणि ट्रकच्या पाठीस असलेला कॅमेरा, ट्रेलर जोडला कीं, त्या ट्रेलरच्या नाकाकडेच टक लावून बसतो. ट्रेलरच्या पाठीचा डोळा ज्याचा त्यानें बसवावयाचा.

बाजारांत त्याच्या दोन जाती आहेत: तारेचा आणि बिनतारी. तारेच्या कॅमेऱ्याचें चित्र स्थिर असतें आणि तें मध्येंच नाहींसें होत नाहीं. पण ट्रेलरच्या शेंपटापासून चालकापुढच्या पडद्यापर्यंत पन्नास-साठ फूट तार न्यावी लागते. ती बुडाखालून, चाकें आणि धुराची नळी चुकवून, जागोजाग बांधीत न्यावयाची. आणि सांध्यापाशीं तिला एक जोड ठेवावयाचा, कारण घर आणि ट्रक रोज वेगळे होतात. त्या जोडांत चिखलपाणी शिरलें कीं चित्र गेलें. बिनतारी कॅमेऱ्यास ही यातायात नाहीं. मात्र पेटीवर छापलेला पल्ल्याचा आंकडा मोकळ्या मैदानांतला असतो. प्रत्यक्षांत मध्यें ट्रेलरचा पत्रा, आंतली शीतपेटी आणि ट्रकची पोलादी पाठ येते. म्हणून आपल्या दोन्ही गाड्यांच्या लांबीच्या दुपटीतिपटीहून अधिक पल्ला सांगितलेला असेल तोच विचारांत घ्यावा. बिनतारींतहि जुन्या पद्धतीचे ॲनॅलॉग कॅमेरे टाळावेत. त्यांत इतर यंत्रांचा व्यत्यय येतो, आणि क्वचित् शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याचें चित्रहि आपल्या पडद्यावर उमटतें. डिजिटल पद्धतींत कॅमेरा आणि पडदा यांची जोडी जुळविलेली असते. आम्हीं तोच घेतला.

डिजिटल बिनतारीचा एक दोष मात्र लक्षांत ठेवावा. चित्र हवेंतून येऊन पडद्यावर उमटण्यास क्षणाचा कांहीं अंश जातो. ताशीं तीन मैलांच्या वेगानें गाडी एका सेकंदांत जवळजवळ साडेचार फूट सरकते. तेव्हां चित्रास सेकंदाचा पांचवा हिस्सा उशीर झाला तरी गाडी सुमारें फूटभर पुढें गेलेली असते. दुकानांत कॅमेऱ्यापुढें हात हालवून पाहावा. पडद्यावरचा हात फारच मागें राहत असेल तर तो कॅमेरा घेऊं नये. दृष्टीचा कोन मोठा असणें चांगलें. पण कोन वाढला कीं वस्तु लहान आणि असते त्याहून दूर भासते, हें विसरूं नये. रात्रींसाठीं अवरक्त दिवे असावेत, पाणी व धूळ आंत न जाईल असा दर्जा असावा, आणि पडदा निदान सात इंचांचा असावा. याहून अधिक गुण जाहिरातींत असतात, कामांत नसतात.

आतां बसविण्याकडे वळूं. पहिला नियम हा कीं, चांचणी झाल्यावांचून भिंतीस गिरमिट लावूं नये. चिरंजीव शिडीवर चढून कॅमेरा हातांत धरून उभे राहिले. त्यास एका सुट्या बारा व्होल्टांच्या बॅटरीची वीज दिली. मी ट्रकमध्यें पडद्यापुढें बसलों. ट्रकचें एंजिन चालू करून व ट्रक थोडा वांकडा उभा करूनहि पाहिला. चित्र स्थिर राहिलें, तेव्हांच पुढचें काम हातीं घेतलें.

रुंद ट्रेलरच्या माथ्यावर मागें मधोमध तीन तांबडे दिवे असतात. त्यांतल्या मधल्या दिव्याचें आवरण काढलें कीं आंत वीज तयारच मिळते, आणि तारेसाठीं नवें भोंक पाडावें लागत नाहीं. कोणती तार विजेची व कोणती परतीची हें तपासून जोड द्यावा, मध्यें लहान फ्यूज घालावा, आणि जोडावर तापविल्यानें आवळणारी नळी बसवावी. नुसत्या चिकटपट्टीवर भरंवसा ठेवूं नये. या जोडणीचा परिणाम असा कीं, रात्रीचे दिवे लावल्याशिवाय कॅमेरा जागा होत नाहीं. म्हणून भर दुपारींहि दिवे लावूनच गाडी हांकावी. मागें जाण्याच्या दिव्यावर कॅमेरा जोडला तर तो केवळ उलट गिअरमध्यें दिसतो. मोठ्या रस्त्यावर मागून कोण येत आहे हेंहि कळावें असें वाटत असेल तर ती जोडणी उपयोगाची नाहीं.

दुसरी गोष्ट पाण्याची. ट्रेलरची भिंत दिसते दणकट, पण पातळ पत्र्याच्या किंवा फायबरग्लासच्या आड बहुधा लांकडाच्या पट्ट्या असतात. एका स्क्रूच्या भोंकांतून थेंब थेंब पाणी शिरलें तर वर्षां-दोन वर्षांत भिंत आंतून कुजते आणि बाहेरून कांहीं दिसत नाहीं. यासाठीं कॅमेऱ्याच्या बैठकीखालीं ब्यूटाइलची चिकट पट्टी घालावी, तींतूनच स्क्रू जाऊं द्यावेत, आणि वरून सीलंट भरावें. हें सीलंट वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडांस लावावें, खालची कड मोकळी ठेवावी. चुकून पाणी शिरलेंच तर त्यास बाहेर पडण्यास वाट राहते. घरांत न्हाणीस लावतात तें सिलिकोन येथें वापरूं नये. तें एकदां सुटलें कीं त्या जागीं दुसरें कांहीं चिकटत नाहीं. दरवर्षीं एकदां शिडी लावून ही जागा पाहावी.

शेवटीं डोळ्याची नजर ठरवावयाची. कॅमेरा फार वर पाहूं लागला तर दूरचा रस्ता सुंदर दिसतो, पण चाकांमागची जमीन नाहींशी होते. ट्रेलरची मागची पट्टी पडद्याच्या तळाशीं बारीक दिसेल इतका तो खालीं वांकवावा. नंतर आम्हीं टेपानें मोजून जमिनीवर तीन, सहा आणि दहा फुटांवर खडूच्या रेघा ओढल्या, आणि नातवाच्या उंचीएवढी एक पेटी प्रत्येक रेघेवर ठेवून पाहिली. तीन फुटांवरची पेटी सहा फुटांवर असल्यासारखी दिसत होती! हा प्रयोग प्रत्येकानें करावा. डाव्या आरशांत दिसणारें माणूस पडद्यावरहि डाव्याच बाजूस दिसलें पाहिजे. तसें नसेल तर चित्र उलटविण्याची सोय यंत्रांत असते.

एवढें सगळें करून आम्ही सप्टेंबरांत पुन्हां बाहेर पडलों. चिरंजीव म्हणाले, “आई, आतां तुला मागें उभें राहायला नको.” ती कांहीं बोलली नाहीं; खुर्ची टाकून बसली. पडद्यावर जागा स्वच्छ दिसत होती, जमीन मोकळी होती, आणि ट्रेलर सफाईनें मागें चालला होता. इतक्यांत वरून कडकड आवाज झाला. ओकच्या झाडाची एक आडवी फांदी छपराच्या कडेस लागली होती. कॅमेरा माथ्यावर बसून खालीं पाहतो. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर काय आहे हें त्याला कसें दिसावें? नुकसान फार झालें नाहीं. कुटुंब खुर्चीवरून उठली, लुगड्याचा पदर खोंचला, आणि म्हणाली, “तुमच्या डोळ्याला पापणी नाहीं आणि मानहि नाहीं. सरका, मी उभी राहतें.”

तेव्हांपासून आमच्याकडे असा क्रम ठरला आहे. ट्रेलर मागें घेण्यापूर्वीं चालकानें खालीं उतरून जागेभोंवतीं एक फेरी घालावी आणि वरहि पाहावें. कांचा उघड्या, रेडिओ बंद. मागें एकच माणूस खुणा करणार. दोघांनीं ओरडलें तर चालक दोघांचेंहि ऐकत नाहीं. तें माणूस आरशांत दिसेनासें झालें कीं, पडद्यावर कांहींहि दिसो, गाडी थांबवावी. आणि लहान मूल एका मोठ्या माणसाच्या हातांत असावें. त्या माणसाकडे त्या वेळीं दुसरें कोणतेंहि काम असूं नये.

आपल्याकडे ट्रेलर नाहींत. पण गाड्या आहेत, आणि त्या ज्या अंगणांत मागें येतात तेथेंच मुलें खेळतात. १ जुलै २०१९ पासून भारतांतहि नव्या मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें आहे. त्याची शिटी ऐकावी, अवश्य ऐकावी. पण ती वाजण्यापूर्वीं एकदां गाडीभोंवतीं फिरून यावें. त्यास अर्धा मिनिट लागतो.

मिशिगन सरोवरावरचा सूर्यास्त फार सुंदर असतो असें सर्व सांगतात, आणि तें खरें आहे. परंतु आतां ट्रेलरच्या चाकांस उटी लागेपर्यंत मी त्याकडे पाठ करून, नातवाचा हात धरून उभा राहतों. नातू मला विचारतो, “आजोबा, तुम्ही तिकडे कां नाहीं पाहत?” मी म्हणतों, “उद्यां पुन्हां मावळेल तो.”