वाफ्याची कड आणि गावाचा दगड
बागेच्या वाफ्याला कड कशाची घालावी, हा देहूरोडसारख्या गावोगावच्या माणसांनी भरलेल्या वस्तीत थट्टेचा विषय ठरतो, कारण दगडामागे गाव येते. मावळातला बागवान काळ्या पाषाणाची बाजू घेतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट, आणि पुरावा डोळ्यांसमोर: देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरातली लेणी याच कातळात कोरलेली आहेत. कोकणातला लगेच म्हणतो, ‘लेण्यांत गुलाब लावणार का?’ त्याचा जांभा खाणीत मऊ असतो, ओला असतानाच तासून चिरे पाडतात आणि हवा लागली की तो कडक होतो. लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी बनलेला हा लाल दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात पाणी धरतो. पहिल्याच श्रावणात त्यावर शेवाळ चढते, मग भेगांतून नेचे डोके काढतात. हे शोभते की घाण दिसते, यावर एकमत होणे कठीण. सोलापूरकडचा माणूस शहाबादी फरशी पुढे करतो. ती कर्नाटकातली, असा टोला त्याला ठरलेलाच. पण शहाबादी हा चुनखडक आहे, आणि अनंत, इक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते. त्यांच्या वाफ्यात फरशीचा चुरा टाकू नये. देहूरोडला वाहतुकीचा खर्च धरता काळा दगडच परवडतो, जांभा हौसेचा.