काही होत नाही!

मराठी माणसाच्या तोंडी असलेल्या घातक वाक्यांचा कुणी कोश काढलाच, तर त्याच्या पहिल्या पानावर 'काही होत नाही हो!' हे वाक्य ठळक अक्षरांत छापावं लागेल. लोकलच्या दारात एका बोटावर लोंबकळणारा हेच म्हणतो, ओल्या हाताने विजेचं बटण दाबणारा हेच म्हणतो, आणि परवा आमच्या स्वयंपाकघरात, गॅसच्या नव्या शेगडीपुढे उकिडव्या बसलेल्या इसमानेही मला हेच सांगितलं. फक्त त्याच्या हातात त्या वेळी पेटती काडी होती.

त्याचं असं झालं. आमची दोन बर्नरची जुनी शेगडी लेकीच्या डोळ्यांत बरेच दिवस खुपत होती. तिने तीन बर्नरची, वर काळी काच असलेली नवी शेगडी पाठवून दिली. ती जोडायला दुकानाचा माणूस आला. चार मिनिटांत त्याने जुन्या शेगडीची नळी उपसली, नव्या शेगडीला खुपसली, क्लिप पिळली आणि खिशातून काडेपेटी काढली. मला वाटलं, बर्नर पेटवून दाखवणार. पण त्याने काडी ओढली आणि नळीच्या जोडाभोवती अशी फिरवली, की मी टाळ्या वाजवून आरतीच म्हणायला हवी होती.

"अहो, हे काय चाललंय?"

"चेकिंग, काका."

"पण गळत असेल तर?"

"तर पेटेल की! लगेच कळतं."

यापुढे मी काय बोलणार? ज्या परीक्षेत नापास झाल्याचा निकाल भडक्याने लागतो, ती परीक्षा सोपी आहे हे मान्यच केलं पाहिजे. विहीर किती खोल आहे हे बघायला आत उडी मारण्यासारखंच हे शास्त्र. बरं, काडी पेटली नाही म्हणजे जोड पक्का असतो, असंही नाही. मोहरीएवढी गळती क्षणभर फिरवलेल्या काडीला चुकवून खुशाल गळत राहते. म्हणजे गळती मोठी असेल तर घर धोक्यात आणि लहान असेल तर पत्ताच नाही.

"साबणाच्या पाण्याने बघा ना," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे, आंघोळीचं आमंत्रण दिल्यासारखं, पाहिलं. "वीस वर्षं याच लाइनीत आहे काका. काही होत नाही." मी त्याच्या भुवया निरखून पाहिल्या. डावी जरा विरळ वाटली, पण ती जन्मजातही असेल. तो पैसे घेऊन गेला.

मी दाढीचा ब्रश आणला. वाटीत चांगला दाट फेस केला. शेगडीची तिन्ही बटणं बंद आहेत हे पाहिलं, रेग्युलेटर चालू केला, म्हणजे नळीत गॅस भरला पण बाहेर जायला वाट नाही. मग रेग्युलेटरच्या बुडाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि बटणांच्या मुळाशी फेस लावला आणि चष्मा पुसून ओट्यावर ओणवा झालो. सौभाग्यवती दारातून म्हणाली, "आज शेगडीची दाढी का?" मी उत्तर दिलं नाही, कारण शेगडीच्या बाजूच्या जोडावर एक बुडबुडा उगवत होता. मोहरीएवढा. मग साबुदाण्याएवढा. मग तो फुटला आणि त्याच जागी दुसरी मोहरी आली. अगदी निवांतपणे, कुणाची घाई नसल्यासारखी.

रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि नळी ओढून काढली. टोकाशी ती वाळून टणक झाली होती आणि तिला नखाएवढी चीर होती. नळीवर तिची मुदत छापलेली असते. ती मी जन्मात पहिल्यांदा वाचली. मुदत संपून दोन वर्षं होऊन गेली होती! त्या गृहस्थाने नव्या कोऱ्या शेगडीला मेलेली नळी जोडून दिली होती, आणि त्याआधी दोन वर्षं ती मीच सांभाळली होती. तेव्हा त्याच्यावर ओरडण्याचा माझा अधिकार निम्माच. पण तो निम्मा मी पुरेपूर वापरणार आहे.

शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांना हे सांगितलं, तर ते हसले. "अहो, गळत असता तर वास आला असता की!" हा या पंथाचा दुसरा महामंत्र. गॅसला, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला, स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. तो घाणेरडा वास मर्कॅप्टन नावाचं एक द्रव्य मुद्दाम घालून आणलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून. म्हणजे हा पाहारेकरी दुसऱ्याने नेमून दिलेला आणि त्याची हाक ऐकायची कुणी, तर आपल्या नाकाने. आणि नाक हा अवयव तर सरकारी कचेरीसारखा. एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली, की तिच्याकडे लक्ष देणंच सोडून देतं.

आणि आमच्या घरातलं नाक कुठलं? माझं तपकिरीने कधीच कामातून गेलंय. घराचं नाक म्हणजे ही. खालच्या मजल्यावर दूध उतू गेलं तरी हिला वर कळायचं. २०२१ साली आम्हा दोघांना कोरोना झाला. मी खोकून मोकळा झालो, पण हिचा वास गेला. आज येईल, उद्या येईल म्हणताना वर्षं गेली. फोडणी करपली तरी धूर दिसेपर्यंत तिला कळत नाही. देवाला वाहिलेला मोगरा ती अजून सवयीने नाकाशी नेते आणि काही न बोलता ठेवून देते. त्या दिवशी त्या जोडातून गॅस झिरपत होता आणि ती पहाटे पाचला नेहमीप्रमाणे चहा ठेवायला उठली असती. वास आला असता म्हणे!

शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली फरशीवर पाण्यासारखा पसरतो, ओट्याखाली दबा धरून बसतो. हे पूर्वी घरोघरी माहीत होतं. १९७०च्या दशकात गॅससाठी नंबर लावून लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. तो घरी आला तो जावयासारखा, मानाने आणि जरा भीतीने. माझ्या आईने रेग्युलेटर बंद केल्याशिवाय रात्री कधी पाठ टेकली नाही. आता घरोघरच्या सुंदर सुंदर स्वयंपाकघरांत सिलिंडर दिसणं म्हणजे अब्रू जाणं. त्याला ओट्याखालच्या कपाटात कोंडतात, कपाटाला ना खाली जाळी ना वर भोक, आणि नळी ग्रॅनाइटला पाडलेल्या भोकातून अशी नेतात, की ती चिरली काय, उंदराने खाल्ली काय, ब्रह्मदेवालाही दिसू नये. पाहुण्यांना सिलिंडर दिसला तर काय होईल हो? ते जेवल्याशिवाय उठून जातील?

आणि तपासणी? तीही होते. कागदावर. मागच्या खेपेला गॅसवाल्यांकडून एक तरुण आला, दारातच उभा राहिला, "काकू, सही करा" म्हणाला. हिने केली. तपासणी झाली! मुलगा स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे हेही न विचारता पुढच्या घरी गेला. त्याच्या कागदावर आमची नळी अजूनही ठणठणीत असणार.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या घरांत गॅस आहे, रोज कुठे स्फोट होतात? कबूल. होत नाहीत. पण आमच्या जोडाला ही आकडेवारी कुणी वाचून दाखवली नव्हती. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपण काय काय पारखून घेतो! भेंडीचं एकेक टोक मोडून बघतो, नारळ कानाशी हलवतो, कलिंगडाला टिचक्या मारतो, साडीचा पदर उलटा करून विणकर बघतो. भाजीवालीने एक टोमॅटो नरम घातला तर तिच्या सात पिढ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढतो. आणि जी वस्तू घरासकट उडू शकते, ती मात्र अनोळखी माणसाने चार मिनिटांत जोडून दिली, की "चहा घेणार का?" एवढंच विचारतो. फेसाला किती वेळ लागतो? अर्धी दाढीही होत नाही तेवढ्या वेळात.

आणि हे काम गॅसवाल्याचं, दुकानदाराचं, सरकारचं, हे मी ऐकून घेणार नाही. त्यांचं आहेच. पण पहाटे पाचला चहा ते ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नवी नळी आणली. नारिंगी, आत तारेची जाळी असलेली, आयएसआयचा शिक्का असलेली. पाच वर्षं चालते. दीड मीटरच्या आतलीच घेतली. तोटीवर शेवटपर्यंत चढवली, क्लिपा आवळल्या आणि पुन्हा फेस लावला. फेस नुसता बसून राहिला. सिलिंडर आला की आता मी झाकण काढून त्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब टाकायला लावतो. आणून देणारा दादा आधी वैतागायचा, आता स्वतःच पाणी मागतो. सिलिंडरच्या कडीपाशी लिहिलेलं ए, बी, सी, डीपैकी अक्षर आणि पुढचा वर्षाचा आकडाही वाचतो. ए म्हणजे मार्चअखेर, डी म्हणजे डिसेंबरअखेर. त्या सालापर्यंत त्या टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. गळतीसाठीचा १९०६ हा नंबर हिने फ्रीजवर मोठ्या अक्षरांत चिकटवला आहे. मात्र फोन करायचा तो घराबाहेर जाऊन आणि जाताना एकाही बटणाला, दिव्याच्या किंवा पंख्याच्या, हात न लावता, हे मी खाली लाल शाईने लिहिलं. त्यावर "तुमचं अक्षर वाचेपर्यंत घर जळेल" असा शेरा मिळाला.

सोसायटीत माझं नाव 'बुडबुडेकाका' पडलं. पडू दे. परवा वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या. "काका, तो तुमचा ब्रश जरा मिळेल का? आमच्याकडे काल नवी नळी बसवली." चौथ्या मजल्यावर त्याच काडीवाल्याने शेगडी जोडली आहे म्हणे. तिथेही ब्रश जाऊन आला. निवृत्त इंजिनिअर स्वतः आले नाहीत, नातवाला पाठवला, आणि ब्रश 'काही प्रयोगासाठी' हवाय असा निरोप दिला.

तीन दिवस तीन घरं फिरून ब्रश परत आला. ही तो धुवायला घेऊन गेली आणि मोरीपाशीच थबकली. ब्रश नाकाशी धरला, दूर केला, पुन्हा धरला.

"अहो," ती म्हणाली, "याला हिंगाचा वास येतोय का हो?"