कार्ड ठणठणीत, ड्रायव्हर रिटायर

रावेतमध्ये मुकाई चौकाच्या आसपास भाड्याच्या टू बीएचकेत इंजिनिअरिंगची चार-पाच पोरं राहत असतील, तर त्यातल्या एकाकडे तरी डेस्कटॉप असतोच. घरच्यांनी बारावीत घेऊन दिलेला, नाहीतर एखाद्या सिनिअरने जाताना ‘घे रे स्वस्तात’ म्हणत गळ्यात मारलेला. सहाव्या-सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि आत जीटीएक्स १०५० टीआय. रात्री मेसचा डबा संपला की सगळी मंडळी त्याच्याभोवती. या पीसीला आता एक कागदोपत्री आजार झालाय. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११साठी हा संगणक ‘पात्र नाही’.

पात्र नाही म्हणजे काय, तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा. मशीन बिघडलेलं नाही. काल रात्री त्यावर जीटीए खेळून झालंय. वर्षभराची वाढीव मुदत आहे, तीही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. दुकानात विचारलं तर ‘नवीनच घ्या साहेब’ हे उत्तर ठरलेलं. नवीन म्हणजे पन्नास-साठ हजार, आणि ते मागायचे कुणाकडे, तर चाकणच्या किंवा भोसरीच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या वडिलांकडे.

अशा वेळी ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, ‘भावा, लिनक्स टाक.’ सल्ला चांगला आहे. पण देणारा निम्माच देतो, आणि उरलेला निम्मा कळेपर्यंत समोरचा काळ्या स्क्रीनकडे बघत बसलेला असतो. लिनक्सवर गेम चालणार का, हा प्रश्न २०२६मध्ये जवळपास सुटलेला आहे. आता विचारायचा प्रश्न असा, की तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर कुणाच्या हातात आहे?

आधी सुटलेल्या प्रश्नाबद्दल थोडंसं. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवायचे प्रयत्न १९९३पासून, म्हणजे वाइन हा प्रकल्प सुरू झाल्यापासून चालू आहेत. पण खरी गाडी पळाली ती ऑगस्ट २०१८मध्ये, जेव्हा स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने प्रोटॉन आणलं. प्रोटॉन म्हणजे वाइन आणि त्याच्या जोडीला दुभाष्यांची एक फौज. गेम आपल्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, ‘इथे एक त्रिकोण काढ, त्यावर हा रंग चढव.’ डीएक्सव्हीके नावाचा दुभाष्या ते वल्कनच्या भाषेत सांगतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर ते कार्डाच्या गळी उतरवतो. प्रोसेसर तोच असल्यामुळे गेमच्या मूळ सूचना तशाच चालतात, फक्त विंडोजकडे केलेल्या मागण्यांचं भाषांतर होतं. म्हणूनच वेग फारसा पडत नाही. २०२२मध्ये व्हॉल्वने स्टीम डेक हा हातातला कन्सोल याच पायावर विकायला काढला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या पुढे गेला. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण एकेकाळी तो एकावरच अडकलेला असायचा.

या साखळीत शेवटचा गडी ड्रायव्हर आहे. तो नसेल तर बाकी सगळी फौज नुसतीच उभी.

आपल्या पट्ट्यातल्या पोरांना ड्रायव्हर समजावून सांगायला फार लांब जायला नको. घरी वडिलांना विचारा. शॉपवर एखादं सीएनसी मशीन असतं, बेड मजबूत, स्पिंडल अजून मायक्रॉनमध्ये काम देतं. पण कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं की मशीनला घरघर लागते. लोखंडाला काहीही झालेलं नसतं, पण त्याच्याशी बोलणारं कुणी उरत नाही. ग्राफिक्स कार्डाचं अगदी हेच आहे.

आता दोन कार्डं शेजारी ठेवून बघू. पहिलं आपलं १०५० टीआय, बाजारात आलं ते २०१६मध्ये. एनव्हिडियाने जाहीर केलं, की ५८० ही या पिढीला आणि तिच्या आधीच्या मॅक्सवेल पिढीला सांभाळणारी शेवटची ड्रायव्हर शाखा. पुढच्या ५९०मध्ये ही कार्डं नाहीत. डिसेंबर २०२५मध्ये आर्च लिनक्सने ५९० स्वीकारला, आणि ज्यांनी सूचना न वाचता नेहमीसारखं अपडेट मारलं त्यांच्यापैकी जुनी कार्डवाल्यांचा डेस्कटॉपच उठेना. ५८० शाखेला सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या अजून काही काळ मिळतील, त्यामुळे लगेच घाबरून जायचं कारण नाही. पण काउंटडाऊन सुरू झालाय.

दुसरं कार्ड एएमडीचं, एचडी ७००० मालिकेतलं. हे २०१२च्या सुमाराचं, म्हणजे चार वर्षांनी थोरलं. कंपनीने विंडोजवर त्याचा नाद कधीच सोडला. आणि लिनक्सवर? कर्नलच्या ६.१९ या आवृत्तीत त्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवरून उचलून एएमडीजीपीयू या नव्या ड्रायव्हरवर आणलं गेलं. त्यामुळे आरएडीव्ही हा वल्कन ड्रायव्हर त्यांना आपोआप मिळू लागला आणि वेगही वाढला. यातलं बरंच काम व्हॉल्वशी जोडलेल्या एका प्रोग्रॅमरने केलं. कार्डाचं वय १३-१४ वर्षं, आणि त्याला बढती!

थोरल्याला बढती आणि धाकट्याला नारळ, असं का? कारण एएमडीचा लिनक्स ड्रायव्हर खुला आहे. त्याचा कोड कर्नलमध्ये आणि मेसा या प्रकल्पात सगळ्यांसमोर पडलेला आहे. कंपनीचा रस संपला तरी ज्याचा रस संपलेला नाही तो माणूस पुढे काम करू शकतो.

मग कुणी म्हणेल, एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांसाठीही लोकांनी तसंच करावं. केलं ना! नूवो नावाचा खुला ड्रायव्हर लोकांनी कंपनीच्या मदतीशिवाय, कार्ड कसं वागतं ते बघून बघून लिहिला. पण इथे मेख आहे. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांना कंपनीच्या सहीचं फर्मवेअर लागतं. ती सही नसेल तर कार्ड आपला घड्याळवेग वाढवू देत नाही. नूवोवर १०५० टीआय सुरू होतं, चित्र दिसतं, पण गाडी पहिल्या गियरमध्येच अडकलेली. इंजिन तुमचं, आरसी बुक तुमच्या नावावर आणि गियर बॉक्सची किल्ली शोरूममध्ये.

हा कोड उघडा असता तर काय झालं असतं, ही कल्पना नाही. वरच्या एचडी ७०००चं जे झालं तेच झालं असतं.

२०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. ती क्लिप तुम्ही मीम म्हणून बघितली असेल. त्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२२मध्ये, कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. पण तो फक्त ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी, म्हणजे १६५० आणि आरटीएक्स २०००पासून पुढे. बरेच विद्यार्थी ज्या लॅपटॉपवर ईएमआय भरतात त्यात १६५०च असतं, तेव्हा ती मंडळी वाचली. १०५०वाले राहिले. गंमत म्हणजे याच एनव्हिडियाचं कार्यालय आपल्या पुण्यात आहे आणि कॅम्पस प्लेसमेंटच्या स्वप्नांत ते फार वरच्या नंबरावर असतं. नोकरी तिथे जरूर करा. पण गिऱ्हाईक म्हणून प्रश्न विचारायला लाजू नका.

आता कडू भाग, कारण तो न सांगता ‘लिनक्स टाक’ म्हणणं ही फसवणूक आहे. व्हॅलोरंट चालणार नाही. त्याचं व्हॅनगार्ड विंडोजच्या गाभ्यात शिरून बसतं आणि लिनक्सवर त्याला जागाच नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण २०२४च्या ऑक्टोबरअखेर चीटिंगचं कारण देत तो लिनक्सवर बंद केला. जीटीए एकट्याने खेळा, पण ऑनलाइनची दारं त्याच वर्षी बंद झाली. तुमची रात्र पाच जणांच्या व्हॅलोरंटच्या टीमवरच उभी असेल, तर दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज ठेवा किंवा विचार सोडा. याउलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्सवर चालतात, आणि एकट्याने खेळायच्या गेमांचा तर ढीग आहे. आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ घ्या. २०२०च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन होतं. इतक्या छोट्या स्टुडिओने प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळी आवृत्ती काढत बसावं, ही अपेक्षाच चूक. प्रोटॉन आहे ते अशांसाठीच.

जीटी ७१०सारखं अगदी साधं कार्ड असेल तर अपेक्षाच कमी ठेवा. २०२२मध्ये आलेल्या डीएक्सव्हीके २.०पासून वल्कन १.३ लागतं आणि त्या कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर १.२वरच थांबलाय. १०५० टीआय असेल तर उबंटू किंवा मिंटसारखं सावकाश चालणारं काहीतरी निवडा, ५८० शाखा धरून ठेवा आणि रोज अपडेटची हौस असलेल्या आर्चच्या वाट्याला जाऊ नका. लॅपटॉपवर गेम रडतखडत चालत असेल, तर आधी बघा की तो खऱ्या कार्डावर चाललाय की इंटेलच्या अंगभूत चिपवर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आणि जुन्या बाजारात कार्ड घ्यायला निघाला असाल, तर दहा रुपये जास्त गेले तरी चालतील पण ज्याचा ड्रायव्हर खुला आहे ते घ्या. विकणारा फक्त जीबी सांगेल. ड्रायव्हरचं तुम्हालाच विचारावं लागेल.

यात कॉलेजांनाही थोडं बोलायला हवं. आमच्या पट्ट्यात रावेतपासून आकुर्डी-ताथवड्यापर्यंत इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग लागली आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला उबंटू उघडलं जातं, फाइलला जोडायचा आउटपुट मिळाला की बंद. ज्या पोराने रात्री दोन वाजता गेम चालेना म्हणून कर्नल मॉड्यूल लोड झालंय का ते तपासलं, सिक्युअर बूटची चावी नोंदवली आणि ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्यांमधला फरक वाचला, त्याने सबंध सेमिस्टरपेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टीम शिकलेली असते. पण व्हायव्हात तो हे सांगायला घाबरतो, कारण सुरुवात ‘गेम’ या शब्दाने होते. चाकणमध्ये तयार होणाऱ्या गाड्यांच्या स्क्रीनमागेही आता ग्राफिक्स चिप आणि तिचा ड्रायव्हर असतो, हे सरांना माहीत नसतं असं नाही.

दरम्यान याच कॉलेजांच्या लॅबमध्ये विंडोज ११ला अपात्र ठरलेल्या मशीनचे ढीग भंगाराच्या निविदेची वाट बघत पडणार आहेत. लिनक्सच्या गटांमध्ये एकेकाळी इन्स्टॉल फेस्ट नावाचा प्रकार असायचा. लोक रिक्षात सीपीयू घालून आणायचे आणि जाणकार पोरं दिवसभर बसून ते चालू करून द्यायची. पुण्याला पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची आणि सिम्बायोसिसमधल्या ग्नुनिफायची परंपरा आहे. नदीच्या अलीकडे हे फारसं पोचलं नाही. एखाद्या कॉलेजने या सेमिस्टरला एक रविवार लॅब उघडी ठेवावी. गुरुवार नको, गुरुवारी लाइट जाते. पोरांना आपापले डबे घेऊन येऊ द्यावं, आणि प्रत्येक डब्यावर एक चिठ्ठी लावावी : कार्ड कुठलं, ड्रायव्हर खुला की बंद, आणि बंद असेल तर किती दिवसांचा सोबती.